उपाशी पाणी

सावद्याजवळ, केळीच्या पॅकिंग शेडमागे
हेमराज नेहेतेंनी पोहायची टाकी बांधली,
निळ्या फरशांची, बत्तीस बाय सोळा.
मला बोलावलं, कारण तीस वर्षं मी
औष्णिक केंद्रात बॉयलरचं पाणी तपासलं.

गुरुवारी, रविवारी जातो. ऊन चढायच्या आत;
मे महिन्यात इथे आठ वाजताच दुपार होते.
बाही गुंडाळून कोपरापर्यंत हात बुडवतो.
वरवरचं पाणी खोटं बोलतं,
नमुना खालून घ्यायचा.

पाच थेंब लाल औषधाचे. नळी डोळ्यांसमोर.
"सामू सात पॉइंट नऊ," मी म्हणतो,
जामसिंग पावरा वहीत लिहितो.
पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं,
"सामू कोन, सायेब? शेठचा पुतण्या?"
मी हसलो नाही. मलाही तो
घरातलाच कुणी वाटत आलाय,
सकाळी उठून आधी ज्याचा मूड बघावा लागतो.

मग क्लोरिन. हळदीइतकं पिवळं नको,
केळीच्या सालीच्या आतल्या अंगाइतकं हवं.
शेहेचाळीस अंशांचं ऊन ते असं संपवतं
जशी भरीत-पुरीच्या पंगतीत पहिली परात.
शेठची सून म्हणते, वास फार येतो, औषध कमी करा.
तिला कसं सांगू,
वास येतो तो कमी पडल्यामुळे.
पुरेसं असतं तेव्हा ते गप्प असतं.

बोअर सातशे फूट. पाणी जड,
साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही,
आणि फरशांवर पांढरी रेघ,
वाळलेल्या घामाची सदऱ्यावर उरते तशी.
शेठला ती रेघ खुपली.
जळगावहून पाणी मऊ करायचं यंत्र आणलं,
मला न विचारता टाकी उपसली, पुन्हा भरली.
उपसलेलं पाणी कुठे सोडलं ते जामसिंगला ठाऊक.
दक्षिणेकडच्या दोन ओळींची पानं कडेनं करपली.

नवं पाणी असं नितळ
की तळाशी पडलेलं नाणं छाप की काटा ते सांगावं.
बॉयलरवर असतो तर मीही खूश झालो असतो.
तिथे कठीणपणा शून्य म्हणजे शून्य;
जरा वर गेला तर रात्री अकराला दारात जीप.

तीन आठवड्यांनी सांध्यांवरून बोट फिरवलं.
बोटाला वाळू लागली.
नळीत रंग टाकला. आधी लाल व्हायला हवं,
मग थेंबाथेंबानं निळं.
ते आल्या आल्याच निळं.
मोजायला काही नव्हतंच.

"पाणी उपाशी आहे," मी म्हणालो.
"काठोकाठ तर भरलंय," शेठ म्हणाले.
भरलेलं पाणीही उपाशी असतं, शेठ.
त्याला चुना लागतो. बाहेरून नाही मिळाला
तर भिंतीतून काढून खातं,
रोज थोडं, आवाज न करता.

बोलता बोलता मी थांबलो.
हेच वाक्य मागच्या महिन्यात भुसावळच्या डॉक्टरनं
कुमुदिनीच्या मनगटाचा फोटो उजेडाला धरून म्हटलं होतं.
बाहेरून मिळालं नाही, की शरीर हाडांतून काढतं.
किती वर्षं चाललं असेल, मी विचारलं.
त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.
माझ्याकडे नळ्या होत्या, थेंब होते, रंगांचा तक्ता होता.

संध्याकाळी बादलीत पाणी घेऊन
कॅल्शियमचे पांढरे खडे सोडले.
जामसिंगनं बादली धरली आणि हात झटकला:
"चूल नाही, काही नाही, तापली कशी?"
अशीच तापते, म्हटलं. धीरानं ओत,
पंप चालू ठेव, एकदम नको.

रविवारी नळी लाल झाली.
मी थेंब मोजत गेलो, तोही ओठांत मोजत होता.
बाविसाव्याला निळं.
आकड्याच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात
त्यानं सावकाश अक्षर लावून लिहिलं:
पाणी जेवलं.

मी खाली तारीख टाकली,
आणि येताना मेडिकलच्या दुकानापाशी उतरलो.